न सांगितलेली ओल

कायद्याच्या दृष्टीने जगातील सारी मालमत्ता दोन प्रकारची असते : एक स्थावर, दुसरी जंगम. घर, जमीन, विहीर ही स्थावर. बैल, गाडी, भांडीकुंडी, दागदागिने ही जंगम. उभे झाड स्थावर की जंगम, या एका प्रश्नावर आम्हा वकील मंडळींची पुष्कळ वर्षे सुखाने गेली आहेत, ती गोष्ट सोडा. परंतु रत्नागिरीस जवळजवळ चाळीस वर्षे वकिली करूनही, या दोन खणांपैकी कोणत्याच खणात नीट बसत नाही अशी वस्तू माझ्यापुढे कधी आली नव्हती. ती आली निवृत्तीनंतर, आणि तीही इंग्लंडात, मुलीच्या दारापुढे उभी असलेली.

तिला तिकडे मोटरहोम म्हणतात. मी आपला मोटारघर म्हणतो. पुढून पाहिले तर ती मालवाहू गाडी. चालकाची बैठक, सुकाणू, इंजिन, सगळे गाडीचे. मागचे दार उघडून आत पाऊल टाकावे तो संसार. दोन बिछाने, गॅसची शेगडी, मोरी, लहानसा फ्रिज, कपड्यांचे कपाट, आणि माझ्यासारख्या देहाच्या माणसाने आत शिरण्यापूर्वी दोनदा विचार करावा असे न्हाणीघर. सुटी लागली की माणसे हे घर घेऊन वेल्सच्या समुद्रकाठी किंवा स्कॉटलंडमधल्या एखाद्या तळ्याशेजारी जाऊन राहतात. माझी मुलगी व जावई डर्बीला असतात. त्यांनी २०२२ साली पंधरा वर्षे वापरलेले असे एक मोटारघर एका वृद्ध गृहस्थाकडून विकत घेतले. मी उन्हाळ्याचे चार महिने त्यांच्याकडे असतो, म्हणून ते घर मला जवळून पाहावयास मिळाले. नातीला तर ते आपल्या खऱ्या घराहून प्रिय झाले होते.

एका सकाळी तीच मला म्हणाली, "आजोबा, इथं तुमच्या रत्नागिरीच्या घराचा वास येतो."

मला प्रथम बरे वाटले. मग मी वाकून कपाटात डोके घातले. श्रावणात आमच्या माजघराला येतो तोच कुबट वास होता. जावयाने शेजाऱ्याकडून ओल मोजण्याचे यंत्र आणले. मुठीत मावेल एवढे ते असते, आणि त्याला दोन सुया असतात. सुया लाकडात टोचल्या की लाकडातील पाण्याचे शेकडा प्रमाण ते दाखवते. पंधराच्या आत असेल तर काळजी नाही. पंधरा ते वीस म्हणजे लक्ष ठेवावे. विसाच्या पुढे गेले की बुरशीला लाकूड रुचू लागते, आणि तिशी ओलांडली की बहुधा ते कुजू लागलेले असते. कपाटाच्या तळाशी आकडा आला चौतीस.

पुढचा प्रश्न समजण्यास या घराची भिंत कशी असते ते सांगणे आवश्यक आहे. बाहेरून अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा. त्याच्या आत लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, पट्ट्यांच्या मधल्या जागेत आपण ज्याला थर्मोकोल म्हणतो तो, आणि सर्वांत आत तीन मिलिमीटर जाडीचे प्लायवूड; त्यावर वेलबुट्टीचा कागद चिकटवलेला. सगळी भिंत मिळून इंच-दीड इंचाची. छपराचा पत्रा आणि भिंतीचा पत्रा जेथे मिळतात तेथे धातूची एक लांब पट्टी स्क्रूंनी आवळलेली असते, आणि पट्टीखाली मॅस्टिक भरलेले असते. आपला सुतार खिडकीच्या काचेला लांबी लावतो, तिची ही अधिक चिकट बहीण म्हणा. नवे असते तेव्हा ते मऊ असते. परंतु ऊन, थंडी आणि रस्त्यावरचे हादरे खाऊन काही वर्षांत सुकते, तडकते, आणि मग प्रत्येक स्क्रूचे भोक म्हणजे पाण्याला एक दार. इंग्लंडातला पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही. तो झिमझिमतो, पण झिमझिमतच राहतो. आणि चोरट्या गळतीला धो धो पावसापेक्षा असा चिकट पाऊसच अधिक मानवतो.

आत शिरलेले पाणी दिसत नाही, हा यातला खरा घात. आमच्या कोकणातल्या घरी गळते तेव्हा सर्वांना कळते. वर पाहिले की वासे, रिपा आणि कौले. एखादे कौल माकडाने सरकवले की त्याखाली पाण्याची धार लागते, धारेखाली तपेले येते, आणि तपेल्यात टपटप सुरू झाली की आलेल्या पाहुण्याला कोणीतरी सांगतेच, "तुम्ही अंमळ इकडे सरकून झोपा, तिथं गळतं." मिरगापूर्वी कौले परतून घ्यावयाची, ही वर्षाची ठरलेली कामगिरी. ज्या घराला आतून छत नाही त्याला आपले दुखणे लपवता येत नाही. मोटारघराला मात्र आतून वस्त्र नेसवलेले असते. छपराच्या पुढच्या कोपऱ्यातून शिरलेले पाणी पट्टीपट्टीने सांगाड्यातून उतरत जाते आणि चार हात दूर, कपाटाच्या तळाशी, वर्षभराने आपले तोंड दाखवते. तोवर मधले लाकूड भुगा झालेले असते.

माणसाचे मन अशा वेळी आधी लहान कारण शोधते. ही गळती नसेल, आतल्याच वाफेचे पाणी असेल, अशी आम्हीही काही दिवस समजूत घालून घेतली. तीत तथ्य नव्हते असेही नाही. बंद जागेत झोपलेली दोन माणसे नुसत्या श्वासाने व घामाने एका रात्रीत अर्धा लिटरभर पाणी हवेत सोडतात. गॅसचेही तसेच. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून अधिक पाणी वाफ होऊन बाहेर पडते, हे रसायनशास्त्राचे साधे गणित आहे. ती वाफ थंड काचेवर व कोपऱ्यांत जमते. परंतु वाफेचे पाणी सर्वत्र थोडेथोडे असते आणि खिडकी किलकिली ठेवली की हटते. गळतीचे पाणी एकाच जागी असते आणि पाऊस पडून गेल्यावर वाढते. तीन आठवडे आकडे लिहून ठेवल्यावर संशय उरला नाही.

शेजाऱ्याने सल्ला दिला की पट्टीच्या कडेने सिलिकॉनची नळी फिरवा. पाच-सात पौंडांचे काम, अर्ध्या तासात संपेल. पुष्कळ लोक तेच करतात. त्याने बाहेरचे पाणी कदाचित थांबते, कदाचित थांबतही नाही. पण आत शिरलेले पाणी मात्र आत कोंडले जाते. जावयाने दुसरी वाट धरली. पट्टी उतरवली, जुने मॅस्टिक खरवडून काढले, आतले प्लायवूड कापले, कुजके लाकूड चमच्याने काढावे तसे निघाले. मग सांगाडा उघडा ठेवून, हवेतला ओलावा ओढणारे यंत्र दिवसरात्र चालू ठेवले. लाकूड वाळावयास आठवडेच्या आठवडे लागतात. त्यात घाई चालत नाही. नंतर नवे लाकूड, नवे प्लाय, आणि पट्टीखाली नवी चिकट पट्टी. अडीच महिन्यांचे सगळे शनिवार-रविवार यात गेले. माझ्याकडे विजेरी धरण्याचे काम होते.

आणि ती विजेरी धरलेली असताना आम्हा दोघांना एकाच वेळी एक गोष्ट दिसली. कपाटाच्या मागच्या भिंतीवरचा कागद नवा होता. वेलबुट्टी तीच, परंतु फुलांची तोंडे उलट्या दिशेला होती. कोणीतरी ती भिंत पूर्वी झाकली होती.

विकत घेतेवेळी माझ्या मुलीने त्या वृद्ध गृहस्थांना सरळ विचारले होते की आत ओल वगैरे नाही ना? त्यांचे उत्तर तिला शब्दशः आठवत होते. "आम्ही ही गाडी नेहमी छपराखाली ठेवली." हे बहुधा खरेच असेल. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र ते नव्हते. धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार अंगुळे वर चालत असे, आणि अश्वत्थाम्याच्या प्रकरणानंतर तो खाली टेकला, असे आपण लहानपणी ऐकले. धर्मराजाने उच्चारलेला प्रत्येक शब्द खरा होता.

घरात संताप झाला. माझ्या मुलीने मला विचारले, "बाबा, तुम्ही वकील, कायदा काय म्हणतो?" कायदा काय म्हणतो हे सांगणे सोपे होते, पण त्याने तिचे समाधान होण्यासारखे नव्हते. इंग्लंडात व्यापाऱ्याकडून घेतले असते तर २०१५ चा ग्राहक हक्क कायदा तिच्या बाजूने उभा राहिला असता. खाजगी माणसाकडून घेतलेल्या जुन्या गाडीला तो लागू नाही. तेथे विकणाऱ्याने खोटे सांगू नये एवढीच अपेक्षा. न सांगणे म्हणजे खोटे सांगणे नव्हे. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत.

आपल्याकडचा कायदा याहून गमतीचा आहे. घर विकायचे असेल तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे पंचावन्नावे कलम विकणाऱ्याला बजावते की, तुला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला नेहमीच्या काळजीने पाहूनही न दिसणारा महत्त्वाचा दोष तू उघड केलाच पाहिजेस. माझ्या कचेरीत पक्षकार हळूच विचारीत, "वकीलसाहेब, वाशांना वाळवी आहे, ते लिहायला हवं का?" मी हे कलम दाखवीत असे. पण तोच माणूस बैलगाडी विकावयास निघाला तर १९३० चा मालविक्री कायदा त्याला असे काही बजावीत नाही. म्हणजे ओल घराच्या भिंतीत असेल तर सांगितली पाहिजे, आणि त्याच भिंतीला चाके लावली तर नाही सांगितली तरी चालते! मोटारघर सबंध जंगम, कारण ते हलते. आत माणूस झोपतो, स्वयंपाक करतो, मूल आजारी पडते, याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही.

कायद्याने हा भेद का केला असावा, याचे कारण मला तरी असे वाटते की जंगम वस्तू पूर्वी बाजारात, चार जाणत्यांच्या देखत विकली जाई. बैलाचे दात मोजता येतात, घोडा पळवून पाहता येतो. घराचा पाया कोणी उकरून पाहत नाही. ज्या वस्तूचे अंतरंग पाहता येते तिच्याबद्दल बोलण्याचे बंधन कमी, हे तत्त्व वाईट नाही. परंतु या तत्त्वाने मोटारघर कोठे बसते ते उघड आहे.

आता याच विषयावरचे आपल्या कायद्यातील एक उदाहरण मी सांगतो. विद्यार्थीदशेत ते पाठ केले होते. त्याचा अर्थ मात्र त्या कपाटापुढे विजेरी धरून उभा असताना मनात घोळू लागला. १८७२ च्या करार कायद्याचे सतरावे कलम फसवणुकीची व्याख्या करते आणि खाली उदाहरणे देते. एका माणसाला आपला घोडा दोषी आहे हे माहीत आहे. तो घोडा लिलावात विकतो आणि काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. लगेच पुढचे उदाहरण असे की, घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. मग मात्र घोड्याचा दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. घोडा तोच, दोष तोच, गप्प बसणेही तेच. फक्त समोर मुलगी आहे.

समोर येणारे प्रत्येक गिऱ्हाईक कोणाची तरी लेक किंवा कोणाचा तरी लेक असतो, असे म्हणून हा विषय संपवता येईल, आणि कीर्तनात ते शोभूनही दिसेल. पण कायद्याचा मुद्दा तो नाही. मुलीला सांगितले पाहिजे ते तिच्यावर बापाची माया असते म्हणून नव्हे. मुलगी तपासत नाही, म्हणून. ती घोड्याच्या खुरांकडे पाहत नाही, बापाच्या तोंडाकडे पाहते. जेथे तपासणीची जागा विश्वासाने घेतली तेथे गप्प बसण्याची मुभा संपली, असा त्याचा आशय आहे.

हे मनात आले आणि मला त्या वृद्ध गृहस्थांकडचा चहा आठवला. म्हणजे मी तेथे नव्हतो. मुलीने वर्णन केला होता तो. ती दोघे गाडी पाहावयास गेली तेव्हा त्यांनी आग्रहाने आत बसवून चहा दिला, बिस्किटे दिली, नुकत्याच वारलेल्या पत्नीचे फोटो दाखवले, कोणत्या उन्हाळ्यात कोठे गेलो ते सांगितले. माझ्या नातीला एक शंख दिला. ओलीचा प्रश्न विचारला गेला तो या सगळ्याच्या नंतर, ओशाळून, जणू विचारणेच अप्रशस्त आहे अशा आवाजात. असा चहा घेतल्यावर कोण कपाटात डोके घालणार? कोण भिंतीत सुई टोचणार? त्या गृहस्थांनी हे हेतुतः केले असे मी म्हणत नाही. एकटा माणूस बोलण्याचा भुकेला असतो. पण त्यांनी अर्ध्या तासापुरते माझ्या मुलीला आपली मुलगी करून घेतले होते. नंतर तिला घोडा लिलावात विकावा तसा विकला.

याच्या उलट, दारात उभ्या उभ्या "गाडी ही अशी आहे, किंमत ही, पाहायचे ते पाहून घ्या" असे तुसडेपणाने सांगणारा विक्रेता मला अधिक सरळ वाटतो. तो विश्वास मागत नाही. आपण आदरातिथ्याला नेहमीच गुण समजतो. व्यवहाराच्या मध्ये आलेले आदरातिथ्य हे एक देणे उत्पन्न करते, हे आपल्याकडच्या बैठकीवर लोड-तक्क्याला टेकवून सौदे करणाऱ्यांनीही ध्यानात घेण्याजोगे आहे.

जावई मात्र त्या गृहस्थांच्या बाबतीत मवाळ होता. त्याचे म्हणणे, "बाबा, त्यांना ठाऊक असेलच असं कशावरून? डाग दिसला, कागद लावला. आत काय आहे ते त्यांनी पाहिलंच नसेल." हे अगदी शक्य आहे. पण न पाहणे हीही एक कृती असते. क्लिफर्ड नावाचा एक इंग्रज गणिती होऊन गेला. छत्तिसावे वर्ष लागण्यापूर्वीच वारला. १८७७ साली त्याने माणसाच्या समजुतींच्या नीतीविषयी एक निबंध प्रसिद्ध केला, त्यात एका जहाजमालकाची गोष्ट आहे. जहाज जुने झाले आहे, दुरुस्त करून घ्यावे अशी शंका मालकाच्या मनात येते. पण ते इतक्या वेळा सुखरूप परतले आहे, देव देशांतर करणाऱ्या या कुटुंबांचे रक्षण करीलच, अशी स्वतःची समजूत घालून तो मनापासून निर्धास्त होतो आणि जहाज हाकारतो. ते बुडते. क्लिफर्ड म्हणतो, तो दोषी आहे. त्याची समजूत प्रामाणिक होती हे खरे, पण ती बाळगण्याचा त्याला हक्क नव्हता. आणि जहाज बुडाले नसते तरीही तो तितकाच दोषी. डागावर कागद चिकटवणे आणि पट्टीवर सिलिकॉन फासणे यांतली सोय हीच आहे की त्यानंतर माणूस खरेपणाने म्हणू शकतो, मला ओल दिसली नाही.

येथवरचा विचार करणे मला कठीण गेले नाही, कारण दोष दुसऱ्याचा होता. खरी अडचण २०२४ साली आली. मुलीला दुसरे मूल झाले, घर लहान पडू लागले, मोठ्या घरासाठी पैसे हवे होते, आणि मोटारघर विकावयाचे ठरले. दुरुस्त केलेल्या भिंतीचा आकडा तेराच्या वर कधी गेला नव्हता. परंतु न्हाणीघराच्या तळाखालचा एक कोपरा राहिला होता. तो उघडावयाचा तर सबंध न्हाणीघर तोडावे लागले असते. तेथे सुई बावीस दाखवी. दोन वर्षे बावीसच. कमी नाही, जास्त नाही. ती जुनी ओल वाळत नव्हती की नवी येत होती, हे कोणालाच सांगता येईना.

ते गिऱ्हाइकाला सांगावे काय?

मुलीचे मत स्पष्ट होते. "आपल्याला कोणी सांगितलं होतं? अठरा हजार पौंड मोजले, वर तीन महिने राबलो. विचारलं तर खोटं सांगायचं नाही, इतकं पुष्कळ झालं." मी म्हणालो की एकाने आपल्याला ओल दिली म्हणून ती आपण तिसऱ्याला द्यावी, हा हिशेब जमत नाही. तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तेवढंच नाही. बाजारात अशा पन्नास गाड्या आहेत. त्यातले एकोणपन्नास गप्प बसणार. आपण बोललो की लोक म्हणणार, हीच गाडी तेवढी खराब. खरं बोलल्याची शिक्षा आपल्याला, आणि बक्षीस त्यांना."

हा मुद्दा मला लेचापेचा वाटला नाही. जॉर्ज अॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला, आणि त्या विचाराचा पुढे २००१ साली नोबेल पारितोषिकाने गौरव झाला. घेणाऱ्याला चांगली गाडी व वाईट गाडी ओळखता येत नसेल तर तो सर्वांनाच मधली किंमत देतो. मग चांगली गाडी असलेले बाजारातून उठून जातात आणि वाईट तेवढ्या उरतात. माझ्या मुलीने तो निबंध वाचलेला नाही. अनुभवाने माणूस तेथवर येतोच.

तिच्या बाजूने बोलणारा याहून जुना वकीलही आहे. रोमन वक्ता सिसरो याने इसवी सनापूर्वी ४४ साली, अथेन्सला शिकत असलेल्या आपल्या मुलासाठी कर्तव्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात हाच खटला आहे. एक भला माणूस घर विकतो आहे. घराचे लाकूड निकृष्ट, ते पडावयास झालेले, खोल्याखोल्यांतून साप निघतात. पण हे मालकाखेरीज कोणास ठाऊक नाही. त्याने सांगावे काय? अँटिपेटर म्हणतो, सांगितलेच पाहिजे. वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्यासारखेच हे पाप आहे. त्याचा गुरू, बाबिलोनचा डायोजीनस, म्हणतो, छे! (पिंपात राहणारा प्रसिद्ध डायोजीनस तो निराळा, त्याच्यावर घर विकण्याचा प्रसंगच आला नसता.) मी तुला घे म्हणून बळजबरी केली का? तू पाहिलेस, आवडले, घेतलेस. उद्या काय दवंडी पिटू, रोगट घर विकणे आहे म्हणून? सगळेच सांगावयाचे तर मग विकावयाचे तरी कशाला, फुकटच द्यावे! सिसरोचा निकाल शिष्याच्या बाजूने आहे. प्रत्येक मौन म्हणजे लपवणे नव्हे, हे तो मान्य करतो. पण ज्या गोष्टीशी दुसऱ्याचे हित निगडित आहे ती आपल्या फायद्यासाठी त्याला कळू न देणे, हे लपवणेच.

माझेही मत तेच पडले. मात्र गुरूचा एक मुद्दा मला शिष्याहून खोल वाटतो. खरे बोलणे इतके महाग पडू नये की ते फक्त साधूंना परवडावे. जुन्या करारातील लेवीय नावाच्या पुस्तकात घराच्या भिंतीला लागलेल्या बुरशीचे नियम आहेत. मालकाने याजकाला येऊन सांगावयाचे, माझ्या घरात चट्टा दिसतो. याजक सात दिवस घर बंद ठेवतो, दगड काढवतो, गिलावा खरवडवतो, आणि तरीही चट्टा परतला तर घर पाडवतो. असा निकाल डोक्यावर असताना कोण आपण होऊन सांगेल? परंतु त्या नियमकर्त्याला माणूस कळत होता. याजक तपासणीला आत शिरण्यापूर्वी मालकाने घरातले सगळे सामान बाहेर काढावे, अशी त्याने आज्ञा घातली. कारण घर अशुद्ध ठरले की आतले सारेच अशुद्ध ठरणार. म्हणजे सांगणाऱ्याचे निदान भांडीकुंडी वाचावीत. आपल्या कोणत्या कायद्यात सांगणाऱ्याची भांडी वाचवण्याची अशी काळजी घेतली आहे, हे मी बरेच आठवून पाहिले.

जावयाने ठरवले की सांगावयाचे. त्याने दुरुस्तीच्या वेळचे सगळे फोटो, आकड्यांची वही आणि सामानाच्या पावत्या एका फायलीत लावल्या. मुलीने अडवले नाही, "चहा तरी द्यायचा की नाही तुमच्या कायद्यात?" एवढेच मला विचारले. मी म्हणालो, फाईल आधी, चहा मागून.

पहिले गिऱ्हाईक म्हणजे एक तरुण जोडपे, कडेवर मूल. गाडी त्यांना फार आवडली. त्या मुलीने बिछान्यावर बसूनही पाहिले. जावयाने फाईल उघडली, कुजक्या लाकडाचे फोटो दाखवले, न्हाणीघराचा कोपरा दाखवून, याच्याखाली काय आहे ते आम्हाला माहीत नाही, असे सांगितले. त्यांनी मनापासून आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी कळवतो म्हणून गेले. कळवले नाही. फाईल नसती तर त्यांनी साडेसतरा हजार मोजले असते, अशी मुलीची खात्री आहे, आणि मलाही तसेच वाटते.

तीन आठवड्यांनी एक साठीचा गृहस्थ आला. त्याने स्वतःचे सुयांचे यंत्र आणले होते. तास-दीड तास तो आत एकटाच गुडघ्यांवर फिरत होता. न्हाणीघराशी थांबला, बावीस म्हणाला, आणि जावयाने तोंड उघडण्याआधीच कोपऱ्याचे तेराशे पौंड कमी होतील असे सांगून टाकले. आणखी घासाघीस होऊन सोळा हजारांना व्यवहार ठरला. चहा तो घेईना. त्याचा थर्मास गाडीत होता.

मुलीने रात्री हिशेब मांडला. ज्यांना सांगितल्याचा उपयोग झाला ते पैसे न देता गेले, आणि ज्याने पैसे दिले त्याला सांगण्याची गरजच नव्हती. हा हिशेब बरोबर आहे. त्या जोडप्याने पुढे कोणती गाडी घेतली, ती कोरडी होती की नाही, हे आम्हाला कळण्याचा मार्ग नाही.

कागदपत्रे झाली, किल्ल्या दिल्या. जावयाने ती फाईलही त्या गृहस्थाच्या हाती ठेवली. त्याने ती चाळली, काही फोटो निरखून पाहिले, आणि शेजारच्या बैठकीवर टाकून गाडी सुरू केली. पुढेमागे तो गाडी विकेल तेव्हा ती फाईल काढील की नाही, हे त्याचे तो पाहील.